वेळेचा रकाना

पोहण्याच्या स्पर्धेची प्रवेशिका दिसावयास अगदी निरुपद्रवी असते. नाव, जन्मतारीख, पत्ता, डॉक्टरांचा दाखला आणि ज्या शर्यतींत उतरावयाचे त्यांची यादी. या यादीच्या उजव्या अंगाला एक अरुंद रकाना असतो. हे अंतर आपण किती वेळात पोहतो, ते त्यात मिनिटे व सेकंद यांनी लिहावयाचे. जन्मतारखेला पुरावा लागतो, प्रकृतीला दाखला लागतो. या रकान्याला मात्र आमच्याकडच्या छोट्या स्पर्धांत कोणी काही विचारीत नाही. माणसाच्या शब्दावर सारे चालते. बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या सह्या पडताळून पाहण्यात घालविलेल्या आम्हांला हा विश्वास प्रथम फार भावला होता. पुढे त्या विश्वासाचे आम्ही काय केले, ते सांगण्यासाठीच हा लेख.

प्रौढांच्या जलतरण स्पर्धांना जगभर 'मास्टर्स' म्हणतात. हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की येथे मोठमोठे निष्णात जलतरणपटू उतरत असतील. तसे काही नाही. गुडघे कुरकुरू लागल्यावर डॉक्टरांनी पाण्यात ढकललेली आमच्यासारखी माणसेच येथे बहुसंख्य. रॅन्सम आर्थर नावाच्या अमेरिकन नौदलातील एका डॉक्टरांच्या मनात आले की मोठ्या माणसांनी नियमित पोहावे यासाठी त्यांच्यापुढे स्पर्धेचे निमित्त ठेवावे. त्यातून १९७० च्या मे महिन्यात टेक्सासमधील अमॅरिलो येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पुढे १९८६ मध्ये टोकियोला पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा झाली. जपानच्या मिएको नागाओका या बाईंनी २०१५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण केल्यावर, दीड हजार मीटर अंतर पोहून दाखविले. सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ लागला त्यांना. पोहणे त्यांनी ऐंशीच्या घरात आल्यावर मनावर घेतले होते. हे वाचल्यापासून आमच्या तलावावर 'आता या वयात काय' हे वाक्य कोणी उच्चारीत नाही.

या स्पर्धांत वयोगट पाच-पाच वर्षांचे असतात. त्यामुळे जगात इतरत्र कोठेही न आढळणारा एक चमत्कार येथे पाहावयास मिळतो : माणसे म्हातारी होण्याची वाट पाहतात! एकोणसाठीचा गृहस्थ हिरमुसलेला असतो, कारण आपल्या गटात तो सर्वांत थोरला. साठ लागले की तोच पुढच्या गटात सर्वांत तरुण ठरतो आणि पेढे वाटतो. आम्हीही वाटले होते.

आता त्या रकान्याचे प्रयोजन सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे काहीच कळावयाचे नाही. तलावात आठ लेन असतात आणि शर्यतीला नावे आलेली असतात तीस-चाळीस. तेव्हा त्यांच्या फेऱ्या पाडाव्या लागतात. ज्यांनी अधिक वेळ लिहिली ते आधीच्या फेरीत, ज्यांनी कमी लिहिली ते शेवटच्या फेरीत. प्रत्येक फेरीतही त्यातल्या त्यात वेगवान माणसाला मधली चौथी लेन, त्याच्या खालोखालच्याला पाचवी, मग तिसरी, सहावी, असे करीत सर्वांत संथ माणसे काठालगतच्या पहिल्या व आठव्या लेनमध्ये. काठालगत भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा नाकातोंडात जातात; म्हणजे जो आधीच मागे, त्यालाच पाणीही वाईट. असो. व्यवस्था अशी का, तर जवळपास सारख्या वेगाची माणसे एकत्र पोहावीत, प्रत्येकाला शेजारी कोणीतरी हाताच्या अंतरावर दिसावे आणि शर्यतीला शर्यतीचे रूप यावे. पुन्हा अंतिम फेरी अशी होत नाही. सगळ्या फेऱ्यांतील वेळा एकत्र करतात आणि आपापल्या वयोगटात पहिले तीन निवडतात. याचा अर्थ असा की आपल्या फेरीत पहिले येण्याला कागदोपत्री काडीचीही किंमत नाही. वाचकांनी हे एवढे ध्यानात ठेवावे. आम्हीही ते जाणत होतो.

जाणत असूनही जे घडले त्याचे मूळ आदल्या वर्षीच्या स्पर्धेत होते. शंभर मीटर फ्रीस्टाइलला आम्ही आमची खरी वेळ, एक मिनिट पन्नास सेकंद, लिहिली होती. स्पर्धा लहान, नावे थोडी. म्हणून संयोजकांनी सर्व वयोगट एकत्र करून केवळ वेळेवर फेऱ्या पाडल्या. आमच्या वाट्याला आली शेवटून दुसरी फेरी, आणि तीत आठवी लेन. शेजारी चाळिशीचे तगडे गडी. शिट्टी झाली, सूर मारला, आणि पन्नास मीटरांची भिंत शिवून वळेपर्यंत आम्हांला पुढच्यांचे फक्त तळवे दिसत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा बाकीचे सात जण दोरीवर हात टाकून गप्पा मारीत होते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्यांचे अनेक प्रकार असतात आणि त्यांतला हा प्रकार साठी उलटलेल्या माणसाला बरोबर ओळखू येतो. आमची वेळ होती एक मिनिट एकोणपन्नास सेकंद. खरे म्हणजे आजवरची सर्वोत्तम. वयोगटात तिसरा क्रमांक आला, कांस्यपदकही मिळाले. परंतु सहा वर्षांची आमची नात पदकाकडे पाहीना. "आबा, तुम्ही सगळ्यांच्या शेवटी का आलात?" एवढेच तिने विचारले, आणि रिक्षात बसल्यावर पुन्हा एकदा विचारले. वयोगट, फेऱ्या आणि लेन यांची मीमांसा आम्ही तिला समजावून सांगितली. ती ऐकून घेऊन ती म्हणाली, "पण शेवटीच आलात ना?"

वर्षाने प्रवेशिका पुन्हा हाती आली. आम्ही सगळे रकाने भरले, आणि त्या शेवटच्या रकान्यापाशी लेखणी थांबली. मग आम्ही दोन मिनिटे तीस सेकंद असे लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा सुबक आले होते.

सौभाग्यवतीने कागद पाहिला. "हे काय? इतका वेळ कुठे लागतो तुम्हांला?" तिने विचारले. यंदा खांदा धरला आहे, सरावही नाही, उगीच मोठेपणा कशाला, असे काहीसे आम्ही पुटपुटलो. खांदा दुखत होता हे खोटे नव्हते. परंतु दुखऱ्या खांद्याचे चाळीस सेकंद होत नाहीत, हे आम्हांला जितके ठाऊक होते तितकेच तिलाही असावे. ती अधिक काही बोलली नाही.

तिने न बोलण्याचे कारण कदाचित हे असेल की आपल्या घरांतून असले बोलणे वावगे वाटतच नाही. गाण्याच्या बैठकीत गवई तंबोऱ्याशी बसतो आणि आधी सांगतो की आज घसा बसला आहे. पेपर अवघड गेला म्हणून सांगणारा मुलगा निकालाच्या दिवशी वर्गात पहिला असतो. घरी जेवावयास बोलावणारी गृहिणी "काही विशेष केलेले नाही, साधाच स्वयंपाक आहे" म्हणते आणि पानात उजवी-डावी बाजू भरून चार-चार पदार्थ येतात. ही आपली नम्रता, असे आपण म्हणतो. गुजराथेत तीन पिढ्या काढूनही आमच्या घराने ही रीत सोडलेली नाही. येथला व्यापारी माल दाखविताना तोंड भरून आपल्या मालाची स्तुती करतो; आम्ही त्याला मनातल्या मनात हसतो आणि स्वतःविषयी दोन पायऱ्या खाली उतरून बोलतो. पण घसा खरोखरच लागला नाही तर बोलण्यास जागा असावी, हाही त्यात थोडा हिशेब नसतो काय? निदान त्या रात्री आमच्या मनात नम्रता अशी मुळीच नव्हती. आम्हांला एकदा, नातीच्या देखत, भिंतीला सर्वांआधी हात लावावयाचा होता.

आता मास्तरांविषयी. आमच्या तलावावर सकाळच्या वेळी येणारे हे गृहस्थ बडोद्याच्याच एका शाळेत गणित शिकवीत असत. वय त्या वर्षी एकाहत्तर. पोहणे शिकले ते निवृत्तीनंतर, चौसष्टाव्या वर्षी. आमचे तसे नव्हते. आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मामांनी आम्हांला सातव्या वर्षीच फेकले होते, आणि मुटके मारण्यात आमचा उन्हाळा जात असे. मास्तरांनी मात्र तत्त्वे समजून घेऊन, वहीत आकृत्या काढून पोहणे आत्मसात केले. आजही त्यांचा हात पाण्यात कंपासाने काढलेल्या कमानीसारखा पडतो. वेग मात्र बेताचाच. दर रविवारी ते शंभर मीटर पोहतात आणि वेळ वहीत टिपून ठेवतात. प्रवेशिकेत ते लिहितात ती वेळ गेल्या चार रविवारांची सरासरी असते.

या गावाला व्यायामाची परंपरा मोठी. माणिकरावांचा आखाडा येथला, आणि व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत निघाले तेही १९३६ ते १९४९ या काळात येथूनच. पण मास्तरांसारखी निष्ठा त्या खंडांच्या वाचकांतही किती जणांची असेल, शंकाच आहे.

स्पर्धेच्या दिवशी भिंतीवर याद्या लागल्या. पहिली फेरी : चौथ्या लेनमध्ये मास्तर, लिहिलेली वेळ दोन मिनिटे अठ्ठावीस सेकंद. पाचव्या लेनमध्ये आम्ही, दोन मिनिटे तीस सेकंद. बाकीचे सहा जण त्यामागे. दोघांनी तर वेळच लिहिली नव्हती. मास्तरांनी यादीवर बोट ठेवून दोनदा वाचले. सात वर्षांपूर्वी ते याच फेरीत आठव्या लेनमध्ये होते. दर वर्षी काठाकडून एकेक पट्टा मधे सरकत ते आज चौथ्या लेनला आले होते, म्हणजे कागदाप्रमाणे या फेरीतले सर्वांत वेगवान. "साहेब, यंदा योग आहे," ते हळूच म्हणाले. "आज मंडळींनाही घेऊन आलो आहे. पहिल्यांदाच." आणि मग यादीत आमचे नाव पाहून त्यांनी काळजीने विचारले, "तुमचा खांदा फारच दुखतो का हो?"

तेव्हाच पंचांच्या टेबलाशी जाऊन वेळ दुरुस्त करून घ्यावयास हवी होती. आम्ही मास्तरांना म्हणालो, "बघू या."

शर्यतीचे वर्णन करण्यासारखे काही नाही. पहिल्या वीस मीटरांतच आम्ही सर्वांच्या पुढे होतो. उजवीकडे पाहिले तर पाणी स्वच्छ, डावीकडे पाहिले तर पाणी स्वच्छ. आदल्या वर्षी पुढच्यांच्या तळव्यांचा राग येऊन आम्ही हात मारीत होतो. यंदा राग यावा असे कोणीच नव्हते. एवढ्या मोठ्या तलावात आपण एकटेच प्रभातफेरीला निघालो आहोत असे वाटले. भिंतीला हात लावला, वर पाहिले. नात कठड्यावर नाचत होती, "आबा पहिले! आबा पहिले!" मास्तर अजून वीस-बावीस मीटर मागे होते. कमान पडत होती, तशीच रेखीव.

ते आले दुसरे. वेळ दोन मिनिटे सत्तावीस सेकंद. लिहिल्यापेक्षा एक सेकंद कमी. दम थोडा शांत झाल्यावर त्यांनी दोरीवरून हात पुढे केला, आमचा हात हातात घेतला, आणि वर्गात फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला सांगावे तशा सुरात म्हणाले, "उत्तर बरोबर आले, साहेब. रीत चुकली."

त्यांच्या वयोगटात ते दोघेच होते आणि मास्तरांना सुवर्णपदक मिळाले. आम्ही पोहलो नसतो तरी ते मिळालेच असते, आणि पोहल्यामुळे त्यात काही उणे झाले नाही. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे त्या दिवशी कोणाचे काहीही गेले नव्हते. आमचे मात्र गेले. घड्याळाने आमची वेळ एक मिनिट चोपन्न सेकंद दाखविली. मागच्या वर्षापेक्षा पाच सेकंद जास्त. आमच्या गटात कांस्यपदक गेले एक मिनिट बावन्न सेकंदांना, आणि तो गृहस्थ पोहला होता मागच्या वर्षीच्या आमच्याच फेरीत, आमच्याच आठव्या लेनमध्ये, सर्वांच्या शेवटी. आम्ही चौथे.

रात्री जेवण झाल्यावर सौभाग्यवतीने एक गोष्ट सांगितली. ती आणि मास्तरीणबाई शेजारी बसल्या होत्या. बाईंच्या डोळ्यांचे नुकतेच शस्त्रकर्म झालेले. लांबचे नीट दिसत नाही. आमच्या मंडळाच्या टोप्या सगळ्यांच्या निळ्याच. मधल्या भागातली एक निळी टोपी सर्वांच्या आधी भिंतीला लागलेली पाहून त्या उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग आमची नात ओरडू लागली. "त्या खाली बसल्या," सौभाग्यवती म्हणाली, "आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमचे पहिले आले हो, अभिनंदन." एवढे सांगून ती ताटे उचलून आत गेली.

आमची एक भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते आणि तेथल्या मास्टर्स मंडळात पोहते. फोनवर आम्ही तिला सर्व हकिकत सांगितली, म्हणजे मास्तरीणबाईंचा भाग वगळून. ती हसली. "मामा, याला इकडे सँडबॅगिंग म्हणतात. सगळीकडे चालतं." तिच्याकडून कळले ते असे. तेथे फेऱ्या वेळेवरच पाडतात. वय पाहत नाहीत, पुष्कळदा स्त्री-पुरुषही पाहत नाहीत. त्यामुळे सत्तरीच्या आजोबांशेजारी पंचविशीची मुलगी, हे नेहमीचेच. वेळ लांबवून लिहिणारे सारेच आमच्यासारखे नसतात. दोन मैत्रिणींना एका फेरीत पोहावयाचे असते म्हणून एक जण आपली वेळ खाली आणते. लांब अंतराची शर्यत लवकर आटोपून घरी मुलांकडे जावयाचे असते, म्हणून कोणी संथांच्या फेरीत शिरते. पाठोपाठच्या दोन शर्यतींमध्ये दम खाण्यास अवधी मिळावा, हाही एक हेतू. आजारातून उठलेल्याला तर आपली वेळ खरोखरच ठाऊक नसते. पंचवीस मीटरांच्या तलावात वळणे अधिक, म्हणून भिंतीला ढकलून मिळणारा वेगही अधिक. तेथली वेळ पन्नास मीटरांच्या तलावासाठी लिहिली तर ती आपोआप चुकते, यात कोणाचा दोष नाही. आणि याच्या उलट, मधल्या लेनचे शांत पाणी मिळावे म्हणून वेळ कमी करून लिहिणारे महाभागही आहेत. ते तर वेगवान फेरीत जाऊन सर्वांचा खोळंबा करतात. संयोजक दिवसाचे वेळापत्रक या रकान्यांच्या बेरजेवरून आखतात, तेव्हा सर्वांच्या थापा एकत्र झाल्या की दुपारचे जेवण केव्हा होईल ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. "पण मामा," ती शेवटी म्हणाली, "या वयात आपण मजेसाठीच पोहतो ना? इतकं काय मनाला लावून घ्यायचं?"

तिचे म्हणणे खोडून काढणे सोपे नव्हते. जेथे खरोखर काही मिळवावयाचे असते तेथे लोक हेच करतात तेव्हा जग खवळते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत चार जोड्या पुढची सोयीची जोडी मिळावी म्हणून मुद्दाम हरू लागल्या, शटल जाळीत मारू लागल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली आणि आठही जणींना स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. आमच्या फेरीत मिळवावयाचे काहीच नव्हते. म्हणून तो गुन्हा लहान म्हणावा, की काहीच मिळवावयाचे नसताना केला म्हणून अधिक विचित्र म्हणावा, याचा निर्णय आम्हांला अद्याप करता आलेला नाही.

मधे एकदा २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकची आठवण झाली. इक्वेटोरियल गिनीचा एरिक मूसाम्बानी शंभर मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत उतरला होता. पोहणे शिकून त्याला एक वर्षही झाले नव्हते. त्याच्या फेरीतले दोघे शिट्टीआधीच पाण्यात पडून बाद झाले आणि एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहापुढे तो एकटाच पोहला. शेवटचे काही मीटर तो बुडतो की काय असे वाटत होते. त्याची वेळ एक मिनिट बावन्न सेकंद; त्या शर्यतीचा विजेता अठ्ठेचाळीस सेकंदांत पोहला होता. मूसाम्बानीही त्या दिवशी आपल्या फेरीत पहिला आला, समोर स्वच्छ पाणी असताना. पण त्याच्याजवळ होते नव्हते ते सारे त्याने त्या पाण्यात घातले होते. त्याची वेळ आमच्या वेळेच्या इतकी जवळ आहे, याचा आम्ही एके काळी चारचौघांत विनोद करीत असू. आता करीत नाही.

आमच्या भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांला फार आवडली. तिकडे काही मंडळे एक गमतीची शर्यत लावतात. पोहण्यापूर्वी प्रत्येकाने आपली वेळ सांगावयाची, मनगटावरची घड्याळे काढून ठेवावयाची आणि पोहावयाचे. जो सांगितलेल्या वेळेच्या सर्वांत जवळ येईल तो पहिला. आम्ही हे मास्तरांना सांगितले तेव्हा ते कितीतरी वेळ हसत राहिले आणि लगेच म्हणाले, "मग आपल्या मंडळात लावू या की!" अजून लागलेली नाही, तलावाच्या चिटणिसांना त्यातले मर्म समजलेले नाही.

मास्तरांनी त्या दिवसाविषयी पुन्हा एक अक्षरही काढले नाही. सकाळी पूर्वीसारखाच नमस्कार होतो, पोहून झाल्यावर चहा होतो. मास्तरीणबाई संक्रांतीला घरी आल्या, हळदीकुंकू घेऊन गेल्या. नात मात्र आल्यागेल्याला अजून सांगते की आमचे आबा पोहण्यात पहिले आले. तिला खरे काय ते सांगावयाचे, असे आम्ही पुष्कळदा ठरवितो. ती तोंड भरून सांगत असते, पाहुणे कौतुकाने आमच्याकडे पाहतात, आणि आम्ही पंखा थोडा मोठा करण्यासाठी उठतो.

यंदाची प्रवेशिका गेल्या आठवड्यात आली. रविवारी आम्ही मास्तरांना म्हणालो, "आमचीही वेळ घ्याल का?" त्यांनी काही न बोलता स्टॉपवॉच काढले. आम्ही शंभर मीटर पोहलो, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. काठाला हात लावून वर पाहिले.

"एक मिनिट सत्तावन्न," मास्तर म्हणाले.

आम्ही दम घेत म्हणालो, "आज वारा उलटा होता. पंचावन्न लिहू का?"

मास्तरांनी चष्मा पुसला, वहीत आमच्या नावाचे नवे पान उघडले, तारीख घातली, आणि खाली लिहिले : पहिला रविवार, १:५७. मग वही मिटून म्हणाले, "अजून तीन रविवार आहेत."